उचलता आलं ते वाचलं

१८८२ च्या एप्रिल महिन्यात सोपाऱ्याजवळच्या एका टेकाडावर कुदळ चालली. गावकरी त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचं काम तेव्हा जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे होतं आणि त्यांच्या बरोबरीने पंडित भगवानलाल इंद्रजी उत्तर कोकणातली लेणी, देवळं, शिलालेख धुंडाळत होते. टेकाडाच्या पोटात विटांचा स्तूप निघाला आणि स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक, भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी ते श्रद्धेने जपले होते. सोबत सोन्याची फुलं होती आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं एक नाणंही.

त्याच वर्षी सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा मिळायला १९५६ साल उजाडलं. तो समुद्राकडच्या भुईगावात मिळाला. आज करंडक आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत, तर अशोकाचे लेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. स्तूप मात्र नालासोपाऱ्यातच आहे. त्याच्या कुंपणाबाहेर शहर दाटीने वाढलेलं आहे.

वसई-विरारच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं. जे उचलून नेता आलं, ते वाचलं. जे जागचं हलणारच नव्हतं, म्हणजे खाडी, खाजण, तट, किनाऱ्याची वाळू आणि त्या पाण्यात वाढणारा मासा, त्याच्या वाट्याला तुकड्या-तुकड्यांचं संरक्षण आलं. एक तुकडा एका खात्याकडे, दुसरा दुसऱ्याकडे. झीज झाली ती या तुकड्यांच्या सांध्यांवर.

सोपारा मोठं झालं ते पाण्यामुळे. दक्षिणेला उल्हासची खाडी, उत्तरेला वैतरणेचं मुख आणि दोहोंच्या मध्ये सोपाऱ्याजवळून आत शिरणारं खाडीचं पाणी, यांमुळे वसईचा भाग एके काळी बेटच होता. वाऱ्यापासून आडोसा असलेलं असं बंदर जहाजांना हवंच असतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपाऱ्याचं नाव येतं, टॉलेमीच्या भूगोलात येतं. सिंहलद्वीपाचा पहिला राजा विजय वाटेत इथे उतरला, असं ‘महावंस’ सांगतो. बौद्ध कथांमधला व्यापारी पूर्ण इथलाच. अशोकाने आपल्या आज्ञा या बंदरात कोरवल्या, कारण इथे ऐकणारे दूरदूरहून येत.

पुढे गाळ भरत गेला, जहाजं दुसरीकडे वळली आणि खाडीचं पाणी आक्रसलं. हे निसर्गाचं काम. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जे झालं ते माणसाचं. खाजणांवर भराव पडले, नाल्यांच्या तोंडाशी इमारती उभ्या राहिल्या आणि घरांतलं सांडपाणी भरतीच्या पाण्यात मिसळू लागलं. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतलं उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोरचं आहे. सांडपाणी शुद्धीकरण आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या गेल्या. फसवून घरं विकली गेलेली शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली. या प्रकरणात त्या कुटुंबांच्या हालांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, ते योग्यच होतं. पण त्या जमिनीवर जे शुद्धीकरण व्हायचं होतं ते इतकी वर्षं झालंच नाही, आणि ते पाणी शेवटी ज्या खाडीला मिळालं तिच्यावर जगणाऱ्या कोळ्यांची तक्रार त्या निकालाच्या बातम्यांत कुठे आली नाही. स्तूपाची निगा पुरातत्त्व खात्याची. स्तूप जिच्यामुळे उभा राहिला ती खाडी कोणाची, याचं एक उत्तर नाही.

वसईच्या किल्ल्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी इथे उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी वसवली: तटाच्या आत चर्च, मठ, इस्पितळं, वाडे आणि एका बाजूला दर्या दरवाजा. चिमाजी आप्पांची मोहीम दोन वर्षांहून अधिक चालली. सुरुंग लावून बुरूज उडवले गेले, दोन्हीकडची माणसं पडली आणि मे १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला. विजयाची खूण म्हणून चर्चच्या मोठ्या घंटा उतरवून नेल्या गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची घंटा आजही टांगलेली आहे. वाईजवळ मेणवलीला एक आहे, भीमाशंकरला एक आहे. पूजेअर्चेत राहिल्यामुळे त्या घंटा शाबूत आहेत. ज्या मनोऱ्यांवर त्या वाजत, त्यांच्या भिंतींत पिंपळाची मुळं शिरली आहेत.

१७८० मध्ये जनरल गोडार्डने किल्ला घेतला. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचाच तह केला. त्यानंतर किल्ल्याला लष्करी किंमत राहिली नाही. एकोणिसाव्या शतकात तटाच्या आत ऊस लावला गेला, साखर करण्याचा उद्योगही होऊन गेला. १८७६ मध्ये जोसेफ गेर्सन दा कुन्हा यांनी चौल आणि वसईवरचा आपला ग्रंथ छापला. थडग्यांवरचे लेख त्यांनी एकेक करून उतरवून घेतले. हे काम फार मोलाचं होतं, कारण त्यांतल्या बऱ्याच दगडांवरची अक्षरं पुढच्या शतकात पावसाने आणि पावलांनी पुसट केली.

संरक्षणाचा कायदा आला तो १९०४ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या काळात. स्वतंत्र भारताने १९५८ मध्ये नवा कायदा केला. २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण कायद्यातच घातलं. हा नियम जमिनीवर निदान मोजता तरी येतो. वसईचा किल्ला मात्र तीन बाजूंनी पाणी, दलदल आणि तिवरांनी वेढलेला आहे. खाडीकडच्या तटापासून शंभर मीटर मोजले तर माप चिखलात पडतं. त्या चिखलातली तिवरं कांदळवन कक्षाच्या अखत्यारीत येतात, जेट्टी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या, रस्ता महापालिकेच्या, वाळू महसूल खात्याच्या, मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याच्या आणि तट केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. लोकांची ती जुनी गरज होती. रस्त्याने तासभर वळसा घालण्यापेक्षा खाडी ओलांडणं केव्हाही सोयीचं. पण वसईकडची जेट्टी किल्ल्याला लागून आहे, आणि तिच्याकडे जाणाऱ्या गाड्या किल्ल्यातून जातात. पुढच्याच महिन्यात किल्ल्यात बिबट्या दिसला. जवळपास तीन आठवडे वनखात्याचे पिंजरे आणि कॅमेरे पडक्या चर्चच्या आवारात लागले होते. संध्याकाळच्या फेऱ्यांवर परिणाम झाला, किल्लाबंदर आणि पाचूबंदरच्या लोकांना अंधार पडल्यावर बाहेर पडणं अवघड झालं. एप्रिलमध्ये बिबट्या पिंजऱ्यात आला आणि सगळे सुटकेचा श्वास घेऊन आपापल्या कामाला लागले. त्या आठवड्यांत एक गोष्ट मात्र दिसून आली होती. वनखातं, पुरातत्त्व खातं, सागरी मंडळ आणि पोलीस एका जागेसाठी एकत्र बसू शकतात. त्यासाठी बिबट्या यावा लागला, एवढंच.

किल्ल्याच्या पायथ्याशी पाचूबंदरला गेलं की दुसरा ठेवा दिसतो. ऑक्टोबरपासून पुढे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. दोन बोंबील घेऊन एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर दोन्हीकडे लोंबती टाकायची. खिळा नाही, गाठ नाही. बायकांच्या हातांना ही सवय इतकी झालेली असते की बोलता बोलता रांग भरते. खाली जवळा पसरलेला, बाजूला मांदेली. हे वाळवण्याचं मैदान म्हणजे या धंद्याचा निम्मा भाग. तरी किनाऱ्यावरच्या अनेक कोळीवाड्यांत या जागा सात-बारावर कोळ्यांच्या नावाने नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या वापर असूनही कागदावर ती सरकारी मोकळी जमीन ठरते, आणि मोकळ्या जमिनीवर प्रकल्पाची रेघ ओढणं नकाशा करणाऱ्याला सोपं जातं.

समुद्राचे स्वतःचे नियम होते. वसई-अर्नाळ्याचे मच्छीमार मुख्यत्वे डोळ जाळ्याचे. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना जाळं बांधायचं आणि भरती-ओहोटीचा जोर त्यात मासा आणून भरतो. ही रोवण्याची जागा म्हणजे कव. कोणाची कव कुठे, ती मुलाकडे कशी जाते, दोन कवींत किती अंतर असावं, हे गावकीने ठरवलेलं असे. पावसाळ्यात होड्या ओढून घ्यायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात उतरायचं नाही. वादळाची भीती त्यामागे होती, तशीच माशाला वाढायला मिळणारी सवडही.

आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये येते, म्हणून पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी संस्था बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा अशी मागणी करत आल्या आहेत. आपल्याच कमाईचे दिवस कमी करा असं सांगणारे व्यावसायिक विरळा. त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे, कारण ते अनुभवातून आलेलं आहे.

कवींचीही दुसरी बाजू आहे. किनाऱ्याजवळ मासा कमी झाला तशा वसई-उत्तनच्या कवी खोल समुद्रात सरकल्या. तिथे सातपाटी आणि डहाणूकडचे कोळी पापलेटसाठी जाळी सोडतात. खुंटांना जाळी अडकून फाटू लागली आणि दोन्ही भागांत बरीच वर्षं वाद पेटत राहिला. डोळ जाळ्याच्या बारीक आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रांत, पापलेटची पिल्लंही येतात, हे कोळीही मान्य करतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्य मासा ठरवलं आणि माशांच्या पकडीसाठी किमान आकाराचे नियमही आणले. पण डोळ जाळं निवड करत नाही. पाण्याचा जोर जे आणेल ते भरतं. पिल्लू जाळ्यात आल्यावर ते लहान आहे असं सांगणारा नियम त्याला परत जिवंत करू शकत नाही. आस मोठा करायचा तर जवळा आणि बोंबील हातचा जातो, आणि तो तोटा भरून देणारी व्यवस्था अजून उभी नाही.

राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तो किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत चालतो, पुढे केंद्राची हद्द. १९७२ चा वन्यजीव कायदा कासवं, डॉल्फिन आणि २००१ पासून व्हेल शार्क, करवत मासा यांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण देतो. त्यात महाराष्ट्राने एक चांगली भर घातली. जाळ्यात असा प्राणी अडकला आणि कोळ्याने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कोळ्याला गुन्हेगार न समजता रखवालदार मानणारी ही योजना आहे, आणि तिच्यामुळे राज्याच्या किनाऱ्यावर कासवं जिवंत परत गेली आहेत.

पण कासव सोडलं तरी ते परत त्याच पाण्यात जातं. पावसाळ्याच्या तोंडावर अर्नाळा, कळंब, राजोडी, भुईगावच्या वाळूवर काळे, चिकट डांबरगोळे येऊन पडतात. ते खोल समुद्रातल्या तेलातून आलेले. किनाऱ्यावर चोरटा वाळूउपसा चालतो, त्याने सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडतात आणि कासवाला अंडी घालायला लागणारी वाळूच नाहीशी होते. मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याला सांडपाण्यावर कारवाईचा अधिकार नाही, वनाधिकाऱ्याला तेलावर नाही आणि तहसीलदाराला माशावर नाही.

विशेष म्हणजे कागदावर तट, तिवरं, वाळू ही सगळी एकत्र आहेत. किनारा नियमनाची अधिसूचना १९९१ मध्ये आली, २०११ मध्ये नवी झाली, २०१९ मध्ये पुन्हा. सर्वांत कडक संरक्षणाचा जो वर्ग आहे त्यात तिवरं, वाळूचे डोंगर, चिखलाचे पट्टे, कासवांच्या विणीच्या जागा आहेत आणि त्याच यादीत पुरातत्त्वीय महत्त्वाच्या वास्तू व वारसास्थळंही आहेत. तट आणि तिवर एकाच वर्गात घालणाऱ्याने वसई पाहिली होती की नाही ठाऊक नाही, पण वसईला ती यादी तंतोतंत लागू पडते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये तिवरतोड हा जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे असं ठरवलं आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं. त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघरमधली सुमारे २२,००० तिवरं तोडायला परवानगी दिली. सार्वजनिक हिताचा प्रकल्प ही कायद्यातली वाट मोकळी आहे, आणि या किनाऱ्यावर असे प्रकल्प एकामागून एक येत आहेत. उत्तन-विरार सागरी सेतूचे खांब आणि जोडरस्ते याच पाण्यात यायचे आहेत. वाढवणचं बंदर उत्तरेला होतंय, पण मासा तालुक्याच्या हद्दी पाळत नाही. प्रत्येक प्रकल्पाचा परिणाम वेगळा मोजला जातो. सगळ्यांचा मिळून खाडीवर काय होईल, हे क्वचितच विचारलं जातं.

मग वसईसमोरचं पाणी सागरी अभयारण्य करून टाकावं काय? मालवणचा अनुभव सावध करणारा आहे. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं. किल्ला आणि प्रवाळ एकत्र सांभाळण्याची ती राज्यातली उत्तम संधी होती. पण मच्छीमारांना विश्वासात घेतलं गेलं नाही, विरोध उभा राहिला आणि घोषणा बरीचशी कागदावर राहिली. वसई तालुक्यात तुंगारेश्वरच्या डोंगराला अभयारण्याचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, समुद्राला नाही. तो मिळवायचा तर सुरुवात कवीपासून करावी लागेल, कार्यालयातून नाही.

पाण्याखालच्या वारशाचा विचार तर फारच मागे आहे. युनेस्कोने २००१ मध्ये पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशासाठी करार केला, भारत त्यात सामील झालेला नाही. पुरातत्त्व खात्याची पाण्याखालची शाखा त्याच वर्षी सुरू झाली, मध्ये मंदावली आणि २०२५ मध्ये द्वारकेच्या कामाने पुन्हा हलली. संपूर्ण देशाच्या किनाऱ्याला ती एक शाखा. सोपाऱ्यापासून वसईपर्यंत दोन हजार वर्षं जिथे जहाजं आली-गेली, त्या तळावरचा गाळ वाळूउपशाच्या पंपांनी ढवळला जातो तेव्हा आत काय होतं ते पाहायला कुणी नसतं.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग त्यात आहेत. वसई आणि अर्नाळा नाहीत. त्याच्या महिनाभर आधी नौदलात ‘आयएनएस अर्नाळा’ दाखल झाली. उथळ पाण्यात पाणबुड्यांचा माग काढणारी ही युद्धनौका, वैतरणेच्या मुखावर पहारा देणाऱ्या किल्ल्याचं नाव घेऊन.

तो किल्ला आजही माणसांचा आहे. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, अर्नाळा किल्ला नावाची स्वतंत्र ग्रामपंचायत आहे. दरवाजावरच्या मराठी लेखात बाजीरावांचं नाव आहे, आत गोडं पाणी आणि देऊळ आहे, दक्षिणेला तटापासून दूर एकटा गोल बुरूज उभा आहे. दर पावसाळ्यात उधाणाचं पाणी घरांच्या अंगणात येतं आणि किनारा थोडा थोडा कापला जातो. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी जुनी आहे. बंधारा बांधायचा तर स्मारकापासूनचं अंतर, किनारा नियमन आणि होड्या लावायची जागा, तिन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहतात.

२०१० च्या दुरुस्तीने प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी त्या जागेचे स्वतंत्र उपविधी करायला सांगितलं आहे. अर्नाळ्याचे आणि वसईचे उपविधी लिहिताना भरतीची रेषा, तिवरं, वलांड्यांची मैदानं, होड्यांची जागा आणि कवी एकाच नकाशावर घालायला कायद्याची आडकाठी नाही. तो नकाशा करायला बसणाऱ्यांत पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या मच्छीमार सहकारी संस्थांची माणसं पहिल्या दिवसापासून हवीत, कारण खाडीत गाळ कुठे साचतो आणि तटाला लाट कुठे लागते हे त्यांना रोज दिसतं.